फूटभर आकसणारी केबल

अधीक्षक अभियंता कापडणीस साहेबांना विजेतलं फारसं काही कळत नाही, हे खलीलने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. केबलसाठी खणलेल्या चरात साहेबांनी वाकून पाहिलं आणि विचारलं, "ह्याच्यावर फरशी कधी बसणार?" चरात केबल अजून उतरलीही नव्हती. तिथून पुढे खलीलने साहेबांकडून कसली अपेक्षा ठेवली नाही, आणि साहेबांनीही त्याला कधी निराश केलं नाही.

खलील केबलचा जॉइंटर होता. जमिनीखालची केबल तुकड्यातुकड्यांनी येते. ते तुकडे सांधायचे, टोकांना पेट्या बसवायच्या, हे त्याचं काम. एकोणतीस वर्षांत त्याचा एकही सांधा गेला नव्हता. बाप मालेगावात मागावर तुटलेले धागे जोडायचा, मुलगा नाशकात तारा जोडत होता. त्यामुळे ज्यांची बोटं फक्त सहीपुरती चालतात अशा लोकांबद्दल त्याच्या मनात तुच्छता होती आणि ती त्याने चांगली खतपाणी घालून वाढवली होती. साहेब बोलायला लागले की तो त्यांच्या बुटांकडे बघत उभा राही. बूट चकचकीत असत. चरात न उतरणाऱ्या माणसाचे बूट चकचकीतच राहणार.

या तुच्छतेतून एकच माणूस सुटलं होतं, ते म्हणजे हर्षाली मॅडम. तिशीतली सहायक अभियंता, वणीकडच्या शेतकऱ्याची लेक. ती चरात उतरायची, उकिडवी बसून त्याच्या हातांकडे बघायची आणि कळलं नाही तर सरळ विचारायची. तीन वर्षं मुंबईच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून तिने नाशिक रोडच्या बाजूच्या या सबस्टेशनसाठी एक नव्या जातीची केबल मंजूर करून आणली होती. लांबी शंभर मीटर, पण किंमत ऐकून खलीलने पहिल्यांदा केबलला हात लावायच्या आधी हात धुतले होते.

"साधी तांब्याची केबल तापते, चाचा," तिने त्याला सांगितलं होतं. "तापण्यात वीज वाया जाते. ही सुपरकंडक्टर आहे. द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे एकशे शहाण्णव अंशांवर ठेवली की वीज जवळजवळ अडतच नाही. एकाच चरातून पाच केबलींची वीज नेता येईल. शहर वाढत चाललंय, आपण रस्ते तरी किती वेळा खणायचे?"

केबल थर्मासासारख्या दुहेरी नळीत बसवलेली होती. तिची खोड एकच, थंड झाली की ती आकसते. शंभर मीटरला चांगली फूटभर. म्हणून तिच्या एका टोकाची पेटी पक्की होती आणि दुसऱ्या टोकाची पेटी रुळांवर ठेवली होती. केबल आकसेल तशी ही पेटी तिच्यामागे सरकणार. सरकू दिली नाही तर केबल ताणून ताणून फाटणार. शिकवायला आलेल्या परदेशी कारागिराने हे तीन आठवडे सांगितलं. खलीलला ते पहिल्या दिवशी चहाच्या आधीच कळलं होतं.

आता उद्घाटनाची तारीख ठरली. मंत्री येणार होते. ज्या आठवड्यात हर्षालीने सबस्टेशनवरून हलायलाच नको होतं, नेमक्या त्याच आठवड्यात साहेबांनी तिला मंत्र्यांच्या भाषणासाठी रंगीत चित्रं बनवायला मुंबईला धाडलं. आणि स्वतः मोकळेपणाने पाहणीला आले.

"हे काय, हातगाड्यासारखं?" रुळांवरची पेटी पाहून साहेब म्हणाले. "मंत्रिमहोदय इथे उभे राहणार आहेत."

लगेच गोरक्षला फोन गेला. गोरक्ष ठेकेदार. तालुक्यातल्या निम्म्या सरकारी कचेऱ्यांच्या फरशा त्याच्या, आणि त्यातल्या निम्म्या उखडलेल्या. पण साहेबांची मर्जी होती, मग काय, सोन्याहून पिवळं. दोन दिवसांत रुळांमध्ये काँक्रीट ओतलं गेलं. बाजूंनी काळा ग्रॅनाइट चढला, दोन पायऱ्या झाल्या, पितळी कठडा झाला. समोर कोनशिला लागली. तिच्यावर मंत्र्यांचं नाव होतं, आणि खाली साहेबांचं, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत.

काँक्रीट ओलं होतं तेव्हाच खलील साहेबांसमोर जाऊन उभा राहिला.

"साहेब, ही पेटी सरकायला पाहिजे. केबल फूटभर आकसते."

"मिस्त्री, तुम्ही किती शिकलात?"

"आठवी."

"मी एम.टेक. आहे. एवढी जाडजूड केबल, ती फूटभर जाईल कुठे?" साहेबांनी आजूबाजूला पाहिलं तसे दोन कारकून हसले. "जॉइंटरने जॉइंट करावेत."

"चाचा, काळजी नका करू," गोरक्ष थापी पुसत म्हणाला. "हे काँक्रीट हाय. भूकंप झाला तरी नाय हलायचं."

"तेच सांगतोय मी," खलील म्हणाला. पण तोवर साहेब पायऱ्यांची उंची मोजायला लागले होते.

पालथ्या घड्यावर पाणी. खलील घरी गेला तो धुमसतच. त्याने जहिदाला सगळं सांगितलं. लग्नाला तीस वर्षं झाली होती, त्यामुळे सुपरकंडक्टर म्हणजे काय हे तिला कळलं नाही तरी नवऱ्याचा अपमान झालाय हे कळलं.

"मॅडम को फोन लगाओ," ती म्हणाली.

"एक बार बोल दिया. मैं क्या भीक माँगूँ? फटने दो. मिनिस्टर के सामने फटने दो."

"और मॅडम का क्या?"

"उनका क्या? सबको मालूम है किसने किया."

हे बोलताना त्याला बरं वाटलं, आणि खरं तर तिथेच सगळं बिघडलं. तीन दिवस तो तेच चित्र मनात घोळवत होता. मंत्री कळ दाबतात, काहीच होत नाही, सगळे साहेबांकडे वळून बघतात, आणि उंटावरचा हा शहाणा पितळी कठड्याला धरून घाम पुसतो. चित्र इतकं छान होतं की ते मोडायची त्याला इच्छाच होईना.

हर्षाली परत आली ती थंड करण्याचं काम सुरू व्हायच्या सकाळी. मुंबईत चार रात्री जागून काढलेल्या, डोळे लाल. पेटीभोवती मंडपवाल्याने आधीच पडदे बांधले होते. तिने पडदा सारून ग्रॅनाइट पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"आता हे काय सजवून ठेवलंय? जाऊ दे, नुसतं बाहेरून असेल तर असू दे." तिने तपासणीचा कागद काढला. "चाचा, आतले रूळ मोकळे आहेत ना? तुम्ही स्वतः बघितलंत?"

वीस पावलांवर कापडणीस साहेब मंडपवाल्याला गालिचाचा रंग सांगत होते. खलीलने त्यांच्याकडे पाहिलं. एक वाक्य पुरे होतं. तिने सगळं थांबवलं असतं, फरशी फोडली असती, तारीख पुढे ढकलली असती. साहेबांनी तिला झापलं असतं आणि मंत्र्यांसमोर ते पुन्हा शहाणेच ठरले असते.

खलीलने मान हलवली. हो, मोकळे आहेत.

तिने रकान्यात खूण केली, खाली सही केली आणि नायट्रोजनच्या टाकीकडे गेली. कोणी दुसऱ्याने सांगितलं असतं तर तिने स्वतः वाकून पाहिलं असतं. खलीलच्या शब्दावर तिने कधी वाकून पाहिलं नव्हतं.

चार दिवस केबल हळूहळू थंड होत गेली. चौथ्या दिवशी दुपारी चरातून एक जाड, दबका आवाज आला. आकडे दाखवणाऱ्या पडद्यावर सगळ्या रेघा एकदम उड्या मारून आडव्या झाल्या. सरकत्या टोकाच्या नळीतून पांढरं धुकं बाहेर यायला लागलं. हर्षाली पायऱ्यांपाशी गेली, ग्रॅनाइटवर हात ठेवला, मग एक फट शोधून टॉर्च मारला. आत काँक्रीट दिसलं. ती तिथेच पायरीवर बसली.

खलील लांबून बघत होता. त्याच्या छान चित्रात हा भाग नव्हता.

आणि बाकीचं चित्रही कुठे खरं झालं? उद्घाटन झालं की झोकात. साहेबांना विजेतलं कळत नसलं तरी मंडपातलं सगळं कळत होतं. त्यांनी मंडपाचे दिवे शेजारच्या जुन्या तांब्याच्या केबलवर जोडून घेतले. मंत्र्यांनी कळ दाबली, दिवे लागले, टाळ्या पडल्या. उरलासुरला नायट्रोजन पाझरून पायऱ्यांवर धुकं पसरलं होतं. मंत्री त्यात बूट बुडवून म्हणाले, "बघा, केवढी थंडी." दुसऱ्या दिवशी पेपरात तोच फोटो आला. साहेब धुक्यात उभे होते, हात जोडून, वरून कीर्तन आतून तमाशा असा चेहरा करून.

चौकशी महिन्याभराने झाली, तीही दार लावून. तोवर गोरक्षने फरशी आणि काँक्रीट काढून रूळ धुऊन पुसून ठेवले होते. ओतायला दोन दिवस लागलेलं काँक्रीट काढायला त्याला एक रात्र पुरली. समितीने केबल उघडली. ती सांध्यापासून हातभर अंतरावर फाटली होती. सांधा जसाच्या तसा होता. समितीच्या अध्यक्षांनी खलीलला बोलावलं, सांध्याबद्दल चार प्रश्न विचारले आणि असं काम आजवर पाहिलं नाही असं म्हणाले. रुळांचं कोणी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. बाहेर आल्यावर आपण का बोललो नाही याचं एकही कारण त्याला पटेना.

हर्षालीने काँक्रीटचं सांगितलं, पण समितीला दिसले ते मोकळे रूळ, आणि रुळांच्या रकान्यात सही तिचीच होती. तिच्यावर निलंबनाचं पत्र निघालं. नव्या केबलची योजना राज्यभर गुंडाळली गेली. कापडणीस साहेबांना बढती मिळाली, ती तशीही मिळणारच होती.

ती टेबल आवरत होती तेव्हा खलील आत आला. तिने तीन वर्षांची कागदपत्रं एका खोक्यात भरली होती.

"मॅडम, मी लिहून देतो. काँक्रीट साहेबांनी टाकायला लावलं. मी त्यांना सांगितलं होतं, मला हसले."

तिचा हात थांबला. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मी विचारलं त्याच्या आधी?"

"तीन दिवस आधी."

ती चिडेल, रडेल असं त्याला वाटलं होतं. तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तो साहेबांकडे इतकी वर्षं जसा बघत आला होता तसंच.

"साहेबांना कळतच नव्हतं, खलीलभाई," ती म्हणाली. आजवर तिने त्याला चाचाशिवाय हाक मारली नव्हती. "त्या माणसाला रूळ कशासाठी असतात हेच माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं. माझ्याइतकं माहीत होतं."

तिने एक कोरा कागद आणि पेन त्याच्यापुढे सरकवलं. तो उभ्यानेच टेबलावर वाकला आणि लिहायला लागला, 'कापडणीस साहेबांनी'. तिने त्या शब्दांवर बोट ठेवलं.

"ते खाली लिहा. आधी तुमचं लिहा."

खलील खुर्ची ओढून बसला. त्याने ते दोन शब्द खोडले आणि खाली लिहिलं, 'मॅडमनी मला विचारलं होतं आणि मी मान हलवली.'