थालातला हात

"काल काय काय खाल्लं ते सांगा, मावशी. खरं सांगा." आहारतज्ज्ञ ऋतुजाने वही पुढे ओढली.

"चार घास," कमरबी म्हणाली. "दुपारी चार, रातीला चार. अल्लाकसम."

"मग वजन दोन किलोंनी वाढलं कसं?"

याचं उत्तर माहीत असतं, तर कमरबी सात रस्त्याजवळच्या या दवाखान्यात मान खाली घालून कशाला बसली असती? सात वर्षांपूर्वी वजन उतरवायला इथेच तिच्या जठराची पिशवी कापून केळ्याएवढी केली होती. एकशे सव्वीसवरून वजन एक्याऐंशीवर आलं. शुगरच्या गोळ्या सुटल्या, टॉवेलच्या कडा शिवायला ती मशीनवर सलग चार तास बसू लागली. मोहल्ल्यातल्या बायका तिला पुढून-मागून बघून गेल्या. मग तिसऱ्या वर्षी वजन गुपचूप परतायला लागलं, रुसून माहेरी गेलेली सून परत यावी तसं, सगळ्या सामानासकट. गुडघे आले, शुगर आली, आणि आडवं झालं की गळ्याशी येणारं आंबट पाणी तेवढं नवीन आलं. काटा एकशे अठरावर गेला. डावा डोळा शुगरने खाल्ला. उजव्याला लेझर झालं, पण साखर अशीच राहिली तर त्याचाही भरवसा नाही, असं डोळ्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

आता एकच आशा होती, दुसरं ऑपरेशन. त्या केळ्याएवढ्या पिशवीची वाट बदलून ती खालच्या आतड्याला जोडायची. सर्जनने अट घातली होती: सहा आठवड्यांत खाणं ताब्यात आणून चार किलो उतरवा, मग तारीख. आज सहा आठवडे भरले होते.

सर्जनने कागद पाहिले आणि चष्मा काढला. "दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं, आई. आतलं सगळं चिकटलेलं असतं. एवढा धोका पत्करून तुम्ही असंच खात राहिलात तर तेही वाया जाईल. तिसऱ्यांदा करायला काही उरणार नाही."

कमरबीने बुरख्याच्या आतून पदर ओढून काढला आणि त्याच्यापुढे पसरला. उभ्या जन्मात तिने कुणापुढे पदर पसरला नव्हता. "साहेब, ह्यो एकच डोळा ऱ्हायलाय. ह्यो बी गेला तर मी कुणाच्या दारात बसू? तुमी कापा. मेले तरी चालंल, तसं लिहून देते."

"मेलं तरी चालेल म्हणणाऱ्याला मी टेबलावर घेत नाही," सर्जन म्हणाला. त्याचा आवाज रागाचा नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. "अजून सहा आठवडे देतो. शेवटचे."

बाहेर पायरीवर बसून ती रडली. लोक वळसा घालून जात होते. आपण चार घास खातो, हे या जगात कुणालाच पटत नाही. आणि काटा तर बोलूनचालून यंत्र, त्याच्याशी काय भांडणार? ऋतुजा येऊन शेजारी टेकली. म्हणाली, "शुक्रवारी तुमच्या घरी जेवायला येते. चालेल?"

कमरबीचं घर चौघांचं. नवरा हुसेनसाब टेम्पो चालवायचा, मुलगा नईम मोबाइलच्या दुकानात होता, आणि सून माहेनूर सातव्या महिन्यात होती. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. तेव्हापासून ती पोर जेवणावरून उठायला निमित्तच शोधायची.

शुक्रवारच्या नमाजनंतर जमिनीवर दस्तरखानाचं कापड अंथरलं. मधोमध मोठा थाल, त्यात भाताचा डोंगर, वर दालचा, डाळ-बटाट्यात शिजवलेलं मटण. चौघं चारी बाजूंनी बसले. ऋतुजाला मटण चालत नव्हतं म्हणून तिला साधं वरण-भात वेगळ्या ताटलीत वाढलं.

"पाहुण्याला वेगळं देताना वाईट वाटतंय," हुसेनसाब म्हणाला. "आमच्यात एका थालात खाल्लं की बरकत ऱ्हाती."

ऋतुजा जेवता जेवता बघत होती. दहा मिनिटांत कमरबीचे चार घास झाले. पण हात थालातच राहिला. हुसेनसाबने अक्कलकोट रोडवर पंक्चर झालेल्या टेम्पोची गोष्ट लावली, नईमला फोन आला, तो बोलून परत बसला. माहेनूरचा हात मंदावला की कमरबी गोश्ताचा तुकडा तिच्या बाजूला सारायची, आणि मग दाखवायला म्हणून स्वतःही चिमूटभर काहीतरी उचलायची. बटाट्याचा कोपरा. भाताची पाच शितं. हरभऱ्याएवढं गोश्त. सगळ्यांचं झाल्यावर सगळ्यांत शेवटी तिने हात काढला.

"मावशी," ऋतुजा चुलीपाशी येऊन हळू म्हणाली, "तुम्ही चार घास नाही, पंचावन्न मिनिटं खाल्लंत."

"ते खाणं न्हवं, बाई." कमरबीला खरोखरच नवल वाटलं. "ते हात ठेवणं हाय."

लग्न होऊन आली त्या दिवशीच सासूने तिला सांगितलं होतं: घरच्या बाईने हात उचलला की थाल उठतो. तेव्हापासून तीस वर्षं तिने पहिला हात उचलला नव्हता. पहिल्या ऑपरेशननंतर दवाखान्याने दिलेला कागद तिने फ्रिजवर चिकटवला, तो अक्षरन्‌ अक्षर पाळला, आणि चार घास मोजून खाल्ले. पुढचं तिने कुणाला सांगितलं नाही, कारण ते खाणं आहे असं तिच्या मनातही आलं नव्हतं. आपल्याकडे खाल्लेलं मोजतात, बसलेलं कोण मोजतं?

"मी उठले तर माहेनूर उठती," ती म्हणाली. "ती उठली की नईम. आणि ह्यांचं तर इचारूच नका."

"वेगळी ताटली घ्यायची. वीस मिनिटं झाली की हात धुवायचा," ऋतुजा म्हणाली. "हे जमलं तरच तारीख मिळेल. तुमच्या डोळ्याला तेवढाच वेळ आहे, मावशी."

दुसऱ्या दिवशी कमरबी ताटली घेऊन चुलीपाशी बसली. हुसेनसाब दारात येऊन उभा राहिला.

"घरात वाटण्या झाल्या काय, नईमची मा?"

"डॉक्टरनं सांगितलंय."

"परक्यावानी ताटली घिऊन बसायला सांगितलंय?"

तिने मान डोलावली. तो वळला. बाहेर थाल दहा मिनिटांत उठला. तिने जाऊन पाहिलं, माहेनूरच्या बाजूचा भात जसाच्या तसा होता.

रोज असंच व्हायला लागलं. हुसेनसाब बोलेना. तिने समोर बसून माहेनूरला भरवून पाहिलं, पोरीने दोन घास घेऊन तोंड फिरवलं. "तुमी तिकडं एकट्या खाताव, अम्मी, मग माज्या घशाखाली उतरत न्हाई," ती म्हणाली. तपासणीच्या दिवशी नर्सने सुनेचं वजन घेतलं, ते मागच्या तपासणीपासून रतीभरही वाढलेलं नव्हतं. इकडे कमरबी मात्र सव्वा किलोने उतरली होती. जे उतरलं ते नातवाच्या तोंडचं, असं तिच्या मनाने घेतलं. इकडे आड, तिकडे विहीर. सारी रात्र ती उशीला टेकून बसली, गळ्याशी आंबट पाणी येत होतं. डोळा गेला तर एकटीचा जाईल, मूल गेलं तर घराचं जाईल. या हिशेबात दुसरं काही बसेना.

नवव्या दिवशी ती गुमान येऊन थालावर बसली. माहेनूरचा हात लगेच चालू लागला, आणि कमरबीला हायसंही वाटलं अन्‌ आपला डोळाही आठवला. चार घास झाले. मग ती चिमूट घ्यायला वाकली. बोटं थालाच्या काठाबाहेर गेली आणि दस्तरखानाच्या कोऱ्या कापडावर चाचपडू लागली. सकाळपासून उजव्या डोळ्यापुढे काळे धागे तरंगत होते. ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

हुसेनसाबचा घास हातातच राहिला.

"दिसंना व्हय?"

"दिसतंय की."

"मग कापडावर काय शोधायलीस?"

तिची बोटं अजून कापडावरच होती. हुसेनसाबने ती धरून उचलली, आपल्या रुमालाने पुसली आणि तिच्या मांडीवर ठेवली. मग त्यानेच थालातून हात काढून घेतला आणि उठला. दुपारी तो तिला डोळ्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथे आणखी एकदा लेझर झालं, धागे कमी झाले. येताना तो भांड्याच्या दुकानासमोर उतरला. कागदात बांधलेला पुडा घेऊन परत आला, पण त्यात काय आहे ते सांगितलं नाही.

संध्याकाळी त्याने स्वतः दस्तरखान अंथरलं आणि चार ताटं मांडली. नवी, स्टीलची, प्रत्येकाला एक. थाल त्याने फळीवर उभा करून ठेवला होता.

"अब्बा, हे काय?" नईमने विचारलं.

"ज्याचं त्यानं खावा," हुसेनसाब भात वाढत म्हणाला. "कोण बसलं, कोण उठलं, बघायचं न्हाई. आपल्या ताटात बघायचं."

पहिल्या दिवशी कमरबी वीस मिनिटांनी उठली तेव्हा तिघांचेही हात थांबले. हुसेनसाब खेकसला, "खावा म्हन्लं न्हवं?" दुसऱ्या आठवड्यात फक्त माहेनूर थांबायची. मग तीही थांबेनाशी झाली. तिचं वजन वाढलं, पाय सुजले, आणि रात्री तिला शेंगाची चटणी-भाकरी खावीशी वाटू लागली.

सहा आठवडे भरले. कमरबी पाच किलोंनी उतरली होती. सर्जनने धोक्यांची सगळी यादी पुन्हा वाचून दाखवली, तिने ऐकून सही केली, आणि पुढच्या मंगळवारची तारीख मिळाली. ऋतुजाने तिचा हात दाबला. "घरी सांगा," ती म्हणाली. "तुमच्या माणसांना बरं वाटेल."

घरी येऊन तिने सांगितलं. हुसेनसाब "अल्ला का शुकर" म्हणाला आणि दस्तरखान अंथरायला उठला. मग सगळे जेवायला बसले.

तिचे चार घास झाले, वीस मिनिटंही झाली. गुडघ्यावर हात देऊन ती उठली. मोरीच्या दारात पोचल्यावर तिने मागे वळून पाहिलं. तिघांच्या माना ताटात होत्या, ताटांवर बोटांचे बारीक आवाज चालले होते. माहेनूरने न बघताच दालच्याचं भांडं आपल्याकडे ओढलं आणि आणखी थोडा वाढून घेतला.

कुणाचाही हात थांबला नव्हता. कमरबीने नळ सोडून हात धुतले आणि ते धुतलेलेच हात बराच वेळ पाण्याखाली धरून ती उभी राहिली.