पुन्हा न येणारी नक्षी

मी एक जुना माऊस आहे. मित्रांनो, नावाने उंदीर असलो तरी मी कधी बिळात लपलो नाही. बारा वर्षे भर टेबलावर काम केले. कारखान्यातून निघालो तो थेट फरश्यांची नक्षी आखणाऱ्या एका बाईंच्या हाती आलो. त्या संगणकावर रेघ ओढत आणि मी सरकत असे. माझी रेघ कधी वाकडी गेली नाही.

एकदा बाईंना वाचनालयाच्या फरशीचे काम मिळाले. त्यांनी दोनच आकार काढले: एक जाडा समभुज चौकोन आणि एक बारीक. दोघांच्या कडांवर खुणा होत्या. खुणेला खूण जुळवत कितीही पसरा, नक्षी स्वतःला गिरवत नाही. बाईंचे सासरे जन्मभर फरश्या बसवत आलेले. ते म्हणाले, "सूनबाई, हिला ना शेंडा ना बुडखा."

चार दिवस आम्ही तुकडे जोडले. शेवटच्या दिवशी पाच वाजता नकाशा फरश्यांच्या कारखान्यात पाठवायचा होता, आणि तीन वाजता एक फट राहिली. दोन्हींपैकी एकही आकार तिथे बसेना. बाईंचा तळवा घामेजलेला मला जाणवला.

"वेगळा तुकडा कापून बसवते," त्या म्हणाल्या. "कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल," सासरे खुर्ची ओढत म्हणाले. "फट इथे दिसतेय, पण चूक मागे झालीय. उकलत जा."

"पन्नासेक तुकडे काढावे लागतील, बाबा."

"मग काढ. मी तर सिमेंट वाळल्यावर उखडलंय. तुझं नुसतं बोटाने जातंय."

उकलता उकलता एक जागा सापडली. तिथे जाडा आणि बारीक, दोन्ही बसत होते. बाईंनी जाडा घेतला होता. सासऱ्यांनी मला हातात घेतले. त्यांची बोटे खरखरीत होती. पहिल्यांदा मी भलतीकडेच उडालो. मग त्यांनी बारीक तुकडा अलगद टेकवला. तिथून पुढचे तुकडे बाईंनी पुन्हा जोडले आणि पाचला दहा मिनिटे कमी असताना नक्षी पुरी झाली. आज त्या फरशीवर मुले रांगत नक्षी कुठे पुन्हा येते ते शोधतात.

पुढे माझे चाक अडकू लागले. बिनतारी माऊस आला आणि मी दोन वर्षे खणात तारांच्या गुंत्यात पडून राहिलो. शेवटी सासऱ्यांनीच मला बाहेर काढले. चाकातले केस ब्रशने काढले. आता रोज सकाळी ते माझ्यासोबत स्वतःची फरशी आखतात. पुरी होईपर्यंत सूनबाईंना दाखवत नाहीत.

मित्रांनो, तुमचा माऊस अडला तर त्याला उघडून पुसा, टेबलावर आपटू नका. आपटून कोणी सुधारल्याचे मी अजून पाहिलेले नाही.