पंख्यातला झेंडू

मी ग्राफिक्स कार्ड बोलतोय. नाशिकच्या सिडकोतल्या एका दोन खोल्यांच्या घरात, काचेच्या कपाटात, एका मायक्रोमीटरच्या डबीशेजारी माझा मुक्काम आहे. माझ्या अंगावर धूळ सापडायची नाही, कारण दर रविवारी मला पुसतात. पण मी आता चालत नाही. पाहुणे आले की काचेतून वाकून बघतात आणि "हा जुन्या रेडिओचा भाग का हो?" असं विचारतात. तेव्हा माझा जीव जळतो.

म्हणून आधी माझं काम सांगतो. तुम्ही ठिपक्यांची रांगोळी पाहिली असेल. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं चित्रही ठिपक्यांचंच असतं. मोठ्या पडद्यावर हे ठिपके तेवीस लाख भरतात. गेममधली गाडी पळायला लागली की ही सगळी रांगोळी पुसायची आणि नव्याने काढायची, तीही एका सेकंदात साठ वेळा. अशा एका रांगोळीला फ्रेम म्हणतात. सेकंदाला साठ फ्रेम पडल्या की गाडी खऱ्यासारखी पळते. वीसवर आल्या की धक्के खात चालते आणि खेळणारा शिव्या देतो. एवढं काम करताना अंग तापणारच. त्यासाठी माझ्या अंगावर तांब्याच्या पातळ पत्र्यांची रांग होती आणि त्यांच्यावर वारा घालायला एक पंखा.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कुठल्यातरी कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे आणि चंदेरी पिशवी, एवढंच आठवतं. माझ्या खोक्यावर तलवार उगारलेल्या एका राक्षसाचं चित्र होतं. त्याचा आणि माझा काय संबंध, हे मला आजवर कळलेलं नाही. २००६च्या सप्टेंबरात मी कॉलेज रोडवरच्या किशोरभाऊंच्या कॉम्प्युटरच्या दुकानात येऊन पडलो.

किशोरभाऊंच्या डोक्यात तेव्हा एक मोठी हौस शिरली होती. दुकानाच्या वरच्या मजल्यावर मोठ्या पडद्यांचा गेमहॉल काढायचा, दहा मशिनांचा. अडलं होतं एका गोष्टीवर, कार्ड कोणतं घ्यायचं? नमुन्याला दोन मागवली होती. एक मी. दुसरं एका वेगळ्या कंपनीचं, स्वस्त, शांत, थंड डोक्याचं.

दुकानात तृप्ती नावाची मुलगी कामाला होती. पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली, पण दोन वर्षं फोन घेणं आणि बिलं फाडणं एवढंच तिच्या वाट्याला आलं होतं. गिऱ्हाइकाने काही विचारलं आणि ती उत्तर द्यायला लागली की गिऱ्हाईक म्हणायचं, "मॅडम, जरा सरांना बोलवा ना." त्या दिवशी ती सरळ किशोरभाऊंपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "सर, ही दोन्ही कार्डं मी तपासते."

किशोरभाऊंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "बघ हं, तृप्ती. तू जे लिहून देशील तेच मी दहा घेणार. बरोबर निघालं तर हॉल तू सांभाळायचास. चुकलं तर परत फोनवर."

"चालेल, सर," ती म्हणाली. मी काउंटरवरून ऐकत होतो. माझ्या जिवावर एका मुलीचं सगळं ठरणार, हे मला तेव्हाच कळलं.

दसरा तोंडावर आला होता. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून तपासणी तृप्तीच्या घरी करायची ठरली. रिक्षात चोवीस इंची पडदा चादरीत गुंडाळून तिने मांडीवर घेतला होता. खड्डा आला की ती त्याला दोन्ही हातांनी कवटाळायची.

घरी तिचे वडील होते, रंगनाथ. मूळचे सिन्नरकडचे, अंबडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात लेथवर लोखंड कातणारे टर्नर. तृप्ती त्यांना आप्पा म्हणायची. आई सविता शिलाई मशीनवर लोकांचे ब्लाउज शिवायची. अशा घरात यंत्राचा मान कसा असतो, ते मला पहिल्याच दिवशी कळलं. मला टेबलावर ठेवायच्या आधी आप्पांनी टेबल पुसलं.

तृप्तीची पद्धत कडक होती. दुकानातून आणलेल्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट आडवं करून एका बाजूचं झाकण काढलेलं, हातात थर्मामीटर, शेजारी वही. तेव्हा लोडशेडिंगचे दिवस होते. वीज असायची त्या वेळा तिने भिंतीवर लिहून ठेवल्या होत्या आणि त्या वेळात बरोबर पाऊण तास तोच खेळ, तोच रस्ता, तीच गाडी. आधी दुसऱ्या कार्डाची पाळी झाली. लहान पडद्यावर त्याने मजेत काम केलं, मोठ्या पडद्यावर आल्यावर मात्र चौतीस फ्रेमवर त्याचा दम संपला. मग मी आलो. बासष्ट! तापमान चौऱ्याहत्तर अंश! मी फुगून गेलो. तेवढ्यात तिने खाली लिहिलं, "पंख्याचा आवाज फार. खोली तापवतं. एसीशिवाय लावू नये." खरं सांगतो, मला राग आला. इतकं काम केल्यावर माणूस निदान तोंडावर तरी बरं बोलतो.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी यंत्रांना सुट्टी आणि हत्यारांची पूजा. तृप्ती दुकानात होती. आप्पा कारखान्यातली लेथची पूजा उरकून, पेढे घेऊन दुपारी घरी आले. त्यांनी चौरंगावर आपली बारीक मापं घ्यायची हत्यारं, व्हर्निअर आणि मायक्रोमीटर, आणि पाने मांडले. शिलाई मशीनला हळदकुंकू लावलं, विळीला लावलं. मग सिन्नरहून आणलेल्या झेंडूंतलं सगळ्यात टपोरं फूल हातात घेऊन माझ्यापुढे उभे राहिले.

"हेच ना गं ते कार्ड?" त्यांनी सविताबाईंना विचारलं.

"हेच. पण तिनं हात लावू नका म्हणून सांगितलंय."

"हात कुठं लावतोय? पाया पडतोय. पोरीचं काम याच्यावर अडलंय. मानाचं फूल यालाच पायजे."

आणि त्यांनी ते फूल अलगद माझ्या पंख्याशेजारी खोचलं. वर चिमूटभर हळदकुंकू, चार अक्षता. डोळे मिटून हात जोडले. माझ्यासमोर कुणी हात जोडण्याची ती पहिलीच वेळ. खोक्यावरच्या राक्षसासमोर कुणी जोडले नसते. मी भारावून गेलो होतो, आणि नेमका तिथेच घात झाला. काही पाकळ्या आणि अक्षतेचा एक दाणा सरकून माझ्या पंख्यात गेला.

दसऱ्याच्या सकाळी तृप्तीने फूल पाहिलं, हसली, काढून देवापुढे ठेवलं. ब्रशने कुंकू झटकलं. आत काय गेलंय ते तिला दिसलं नाही. तिने मला सुरू केलं.

पहिली दहा मिनिटं मी निभावून नेलं. मग पाकळ्या जाऊन पत्र्यांच्या फटीत बसल्या आणि वारा बंद झाला. अंगाची नुसती लाही. फ्रेम घसरत गेल्या, पंचावन्न, एकतीस, बावीस. गाडी वळणावर उचक्या देऊ लागली, पडद्यावर रंगीत पट्टे उमटले आणि सगळं गोठलं. तृप्तीने सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, वायरी बदलल्या, विजेचा डबा बदलला. दोन दिवस ती माझ्या मागे लागली होती आणि दोन्ही दिवस माझा पारा शंभराच्या वर. मला ओरडून सांगायचं होतं, अगं, माझ्या घशात फूल अडकलंय! पण मला तोंड फक्त पडद्याचं, आणि तिथे पट्ट्यांशिवाय काही उमटत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने वहीत लिहिलं, "हे कार्ड पहिल्या दिवशी उत्तम, चौथ्या दिवशी बाद. भरवशाचं नाही. घेऊ नये." लिहिताना तिचा चेहरा उतरला होता. दुसरं कार्ड मोठ्या पडद्याला पुरत नव्हतं, म्हणजे हॉलच बारगळणार होता आणि त्याबरोबर तिची संधीही.

आप्पा पहिल्या पाळीला निघाले होते. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "तृप्ती, जरा चालू कर गं ते."

"आप्पा, झालं ते आता. पंख्याचं बेअरिंग गेलंय बहुतेक."

"चालू तर कर."

तिने मला सुरू केलं. आप्पांनी पिशवीतून लांब स्क्रूड्रायव्हर काढला, त्याचं टोक माझ्या पंख्याच्या कडेला हलकेच टेकवलं आणि मूठ कानाला लावली. तीस वर्षं लेथचा आजार ते असाच ऐकत आले होते. सविताबाईंनी मशीनवरचा पाय थांबवला.

"बेअरिंग चांगलं हाय," आप्पा म्हणाले. "आत कायतरी घासतंय. दाण्यासारखं."

तृप्तीने मला बाहेर काढलं, चार स्क्रू फिरवून पंख्याचं झाकण उचललं. पंख्याच्या पात्याखाली अक्षतेचा दाणा. त्यामागे तांब्याच्या पत्र्यांत गच्च बसलेल्या झेंडूच्या सहा पाकळ्या, करपून तपकिरी झालेल्या.

आप्पांनी त्या पाकळ्या तळहातावर घेतल्या आणि बघत राहिले. "माझ्याच हातानं झालं हे," ते म्हणाले. "कारखान्यात चालू मशिनीजवळ चिंधी ठेवली तर मी पोरांवर वरडतो. आन् हितं..."

"आप्पा, तुम्ही मुद्दाम केलं का?"

"पण तुझ्या सरांना फुलाचं नको सांगू. बापानं येडेपणा केला म्हणतील. तुझं नाव जाईल."

तृप्तीने चिमट्याने माझा एकेक पत्रा साफ केला. मग म्हणाली, "आप्पा, हे दोन दिवस शंभरावर तापलंय. ते लपवलं तर माझा पुढचा आकडा खोटा. मी सगळं लिहिणार."

त्या दिवशी तिने मला पुन्हा पाऊण पाऊण तास तीन वेळा चालवलं. मी जीव तोडून पळालो. एकसष्ट. तिन्ही वेळा एकसष्टच. एक फ्रेम कुठे गेली ते तिला कळलं नाही, मलाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात किशोरभाऊंनी तिचा कागद वाचला. आवाज, उष्णता, एसी, झेंडू, अक्षता, एकसष्ट, सगळं. शेवटी लिहिलं होतं, "मोठ्या पडद्यासाठी हेच घ्यावं." तृप्ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी. मग किशोरभाऊ खुर्चीतून उठले, मागे वळले आणि दुकानाच्या मुख्य कॉम्प्युटरला घातलेला झेंडूचा भलामोठा हार त्यांनी गुपचूप काढून ठेवला.

"बासष्ट लिहिलं असतंस तर कुणाला कळणार होतं?" त्यांनी विचारलं.

"मला कळलं असतं ना, सर."

किशोरभाऊंनी ड्रॉवर उघडला आणि वरच्या मजल्याची किल्ली तिच्यापुढे ठेवली.

माझ्या जातीची दहा नवी कार्डं आली. मी तपासणीतला, कुंकवाचा डाग लागलेला, म्हणून तृप्तीने मला स्वतःच्या काउंटरच्या मशीनमध्ये बसवलं. नवा गेम आला की पहिला माझ्यावर तपासायचा. तिथून मी खूप माणसं पाहिली. गाडी डावीकडे वळली की खेळणाराही खुर्चीत डावीकडे कलतो. जिंकला की स्वतःच्या हाताला श्रेय देतो, हरला की "कार्ड अडकलं" म्हणतो. आणि आता गिऱ्हाइकं खालच्या मजल्यावर म्हणायची, "सर, जरा वरच्या मॅडमना बोलवा ना." हे ऐकलं की माझा पंखा जरा जोरातच फिरायचा.

आप्पा मात्र हॉलमध्ये एकदाच आले, उद्घाटनाला. दारात हात मागे बांधून उभे राहिले. कशालाही हात लावला नाही.

२००८च्या मे महिन्यात, भर दुपारी, माझ्या पडद्यावर हिरवे पट्टे आले आणि गेलेच नाहीत. आतला कुठलातरी जोड सुटला होता. बाकीची दहाही कार्डं ठणठणीत होती. तृप्तीने घरी सांगितलं, "वय झालं त्याचं, आप्पा. मीच सगळ्यात जास्त राबवलं त्याला." आप्पांनी मान हलवली, पण त्यांचा विश्वास बसला नाही. "ते दोन दिवस तापलं व्हतं ना," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मला रुमालात बांधून घेऊन आले आणि आपल्या मायक्रोमीटरशेजारी ठेवलं.

त्या दोन दिवसांनीच मला नेलं का? खरंच माहीत नाही. माहीत असतं तर तृप्तीसारखं सगळं लिहून दिलं असतं. पण इतकं नक्की सांगतो, माझ्या मनात राग नाही. मला विकायला पुष्कळजण आले, चालवायला आले, शिव्या द्यायला आले. माझ्यापुढे डोळे मिटून उभा राहिलेला माणूस एकच.

गेल्या खंडेनवमीला आप्पांनी सगळी हत्यारं चौरंगावर मांडली. मलाही मांडलं. एकेकाला फूल वाहत माझ्यापाशी आले, हात पुढे केला आणि तसाच थांबवला. फूल माझ्यापासून वीतभर लांब ठेवलं. वीत मोजून, टर्नरच्या नजरेने. मग खाली बघत पुढे गेले.

उद्या पुन्हा खंडेनवमी आहे. आप्पा आता निवृत्त झालेत, हात थोडा कापतो. दारात झेंडूची टोपली आली आहे, मला वास येतोय असं वाटतं. आप्पा, एक ऐका. माझा पंखा आता फिरत नाही. तो काही आत ओढून घेणार नाही, काही जाळणार नाही, तुमच्या पोरीचं काही अडणार नाही. उद्या ते फूल लांब ठेवू नका. माझ्या अंगावर ठेवा.