सुखदेवचा बंगला

रविवारी सकाळी खडकीच्या घरात सुखदेव लॅपटॉपसमोर बसले, ते चहा निवला तरी उठले नाहीत. दारूगोळा कारखान्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आल्प्सच्या नकाशावर ते अजून ड्युटीवर असल्यासारखे वाकले होते. गिर्यारोहण क्लबची जुनी मंडळी सप्टेंबरात एका बर्फाळ पर्वताला वळसा घालत तीन देशांतून चालणार होती. टप्पे आणि मुक्काम निवडायचं काम सुखदेवांच्या मुलीकडे, कल्याणीकडे आलं होतं.

“हे बघ,” त्यांनी कल्याणीला दाखवत पडद्यावर बोट ठेवलं. “ला फुली नावाचं गाव. गावाबाहेर कुरण, तंबू ठोकायला परवानगी, मागे हिमनदी. आणखी काय पाहिजे?”

“गादी. बाकी सगळे डोंगरातल्या लॉजवर उतरतायत, आण्णा. जेवणखाण आयतं. तुम्हीच तेवढे पाठीवर तंबू वाहणार, या वयात.”

“वय गुडघ्यांना विचार. त्यांची काही तक्रार नाही.”

“त्यांची तक्रार माझ्याकडे येते,” स्वयंपाकघरातून कल्याणीची आई, कांताबाई म्हणाल्या. “चोळून चोळून तेलाची बाटली संपवलीय.”

तेवढ्यात सदाशिव पेठेतल्या बाळकाकांचा फोन आला. क्लब त्यांनीच काढलेला. सुखदेवांनी स्पीकर लावला.

“कल्याणी, सांग त्याला, तिथलं लॉज म्हणजे आपली धर्मशाळाच, फक्त बोलतात फ्रेंचमध्ये. आता तरी बंगला घरी ठेव म्हणावं!”

“तुम्ही आत झोपा रे. मी बाहेर बरा.”

“ऐकलंस? जित्याची खोड!” बाळकाका खदखदून हसले. सुखदेवही हसले. कल्याणी हसली नाही.

बंगला म्हणजे तंबू. क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं, की बाकीचे किल्ल्याखालच्या गावात देवळात पथारी टाकतात आणि सुखदेव बाहेर आपला बंगला उभारतात. एकांताची आवड असलेला कलंदर माणूस, असं त्यांच्याबद्दल कौतुकानं सांगितलं जाई. कल्याणी कॉलेजात असताना एकदा बुटाच्या नाड्या सोडता सोडता त्यांनी तिला खरं काय ते सांगितलं होतं. क्लबबरोबरच्या पहिल्याच मोहिमेत देवळाच्या पुजाऱ्यानं सगळ्यांची आडनावं विचारली. सुखदेवांचं ऐकल्यावर म्हणाला, “तुम्ही बाहेर पारावर झोपा.” मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं, आणि आत जाऊन पथाऱ्या पसरल्या. डिसेंबरची थंडी होती. पुण्याला परतल्यावर सुखदेवांनी कसबा पेठेतल्या कासिमभाईंकडून ताडपत्रीचा तंबू शिवून घेतला. त्यानंतर कुणी आडनाव विचारायच्या आतच ते तंबूच्या खुंट्या ठोकायला लागत.

फोन ठेवल्यावर कल्याणी म्हणाली, “सांगून टाकू का एकदा त्यांना?”

“काय सांगणार? विसरले असतील ते. आणि डोंगर चढायला मला त्यांनीच शिकवलं.” त्यांनी पुन्हा नकाशात डोकं घातलं. “तू बुकिंग कर. कुरणाच्या कडेची जागा मिळाली तर बघ.”

बाळकाका विसरले असतील, हे सुखदेवांना पटत होतं. कल्याणीला नव्हतं. तरी क्लबच्या प्रत्येक कोजागरीला तो बंगल्याचा किस्सा निघाला, की ती मसाला दुधाचा पेला हातात धरून गप्प बसे. आण्णांना चालतंय, तर आपण कोण बोलणारे?

तिनं कडेची जागा घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरावासाठी पाठीवर सॅक घेऊन निघालेले सुखदेव रेंजहिल्सच्या रस्त्यावर कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

पुण्यानुमोदनाला विहार भरून गेला. बुद्धवंदना झाली. कारखान्यातले सोबती बोलले, नातेवाईक बोलले. मग बाळकाका माइकसमोर आले. त्यांचे डोळे सुजलेले होते, आणि ते रडणं खोटं नव्हतं. तेच कल्याणीला जास्त बोचलं. खोटं असतं तर हात झटकून मोकळं होता आलं असतं.

“आमचा सुखदेव म्हणजे राजा माणूस,” ते म्हणाले. “आम्ही देवळात, हा चांदण्यात. कितीदा म्हटलं, ये आत, पण ऐकेल तर शपथ! आता सप्टेंबरात आम्ही जाणार, आणि जिथे जिथे मुक्काम करू, तिथे दाराबाहेर एक रिकामा तंबू उभारणार. त्याच्या आवडीचा. त्याच्या आठवणीसाठी.”

विहारात कुणीतरी हुंदका दिला. कांताबाईंनी पदर तोंडाला लावला. कल्याणीच्या डोळ्यांपुढे ते लॉज उभे राहिले, एकामागून एक, आत दिवे लागलेले, गाद्यांवर मंडळी निजलेली, आणि प्रत्येक दाराबाहेर आण्णा. मेल्यावरही बाहेरच.

ती उठली. कांताबाईंनी तिची ओढणी धरली, पण तिच्याकडे नजर जाताच सोडून दिली. बाळकाकांना वाटलं, मुलगी आभार मानणार. त्यांनी बाजूला होऊन माइक तिच्या हातात दिला.

“काका, तंबू ही आण्णांची आवड नव्हती,” कल्याणी म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा शांत आला. “पहिल्याच मोहिमेत आडनाव ऐकून पुजाऱ्यानं त्यांना देवळाबाहेर काढलं. ये आत, असं त्या रात्री कुणीही म्हटलं नाही. तुम्ही तिथेच होतात, काका. तुम्ही आत जाऊन झोपलात.”