शिवकांताक्कांच्या देवळीतला रणगाडा

सांगायचं की गप्प बसायचं, एवढंच सिद्रामप्पा मास्तरांना ठरवायचं होतं, आणि त्यातच त्यांचे तीन दिवस गेले.

मास्तर चित्रकला शिकवून निवृत्त झाले त्याला सतरा वर्षं झाली, पण सास्तुरात त्यांना अजून रणगाडेवाले मास्तर म्हणतात. पोरवयापासून एकच नाद. लष्कराच्या गाड्या करायच्या, अगदी मापात, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याच्या. शहरात म्हणे त्याचे तयार संच मिळतात, तुकडे चिकटवले की झालं. मास्तरांच्या मते ते दुसऱ्याच्या हातानं जेवणं. त्यांच्या गाड्यांना कोटाच्या बटणांची चाकं, सायकलच्या ट्यूबचे पट्टे, बॉलपेनच्या रिफिलची नळी आणि फुटक्या बादलीचं अंग. बायको, उमादेवी, आल्यागेल्याला सांगायच्या, "आमच्या घरात एक बटण जाग्यावर न्हाय. ह्यांच्या कोटाला बी न्हाय."

आता हात थरथरायचे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं करायचा कंटाळा आला होता. मागच्या दिवाळीनंतर त्यांनी ब्रश धुऊन डब्यात ठेवला तो पुन्हा काढला नाही. तक्रार नव्हती. जन्मभर डोळे बारीक करून बसलेला माणूस दमतो, तसे ते दमले होते.

अशात जिल्ह्यातल्याच वाशीहून अमरसिंह आले. रणगाड्यांच्या पलटणीतून रिसालदार म्हणून निवृत्त झालेले, मास्तरांच्या गाड्यांची कीर्ती ऐकून मुद्दाम मोटरसायकलवरून आले होते. कपाटापुढं उभे राहून एकेक गाडी बघत होते, आणि मास्तर खूप दिवसांनी सुखावले होते.

"मास्तर, ही पाकिस्तानची गाडी लई झकास केलीय."

"पाकिस्तानची कसली? एकाहत्तरची आपली टी-पंचावन्न हाय ती."

अमरसिंह हसले असते तर बरं झालं असतं. ते हसले नाहीत. "न्हाय मास्तर. लांबून दोघांच्या गाड्या सारख्याच दिसायच्या. आपल्याच माणसानं आपल्यावर गोळा टाकू नये म्हणून आपल्या तोफेच्या नळीवर मधोमध एक डबडं बसवायचे. नुसती खूण. ह्याला ती न्हाय. कशावरनं केली?"

मास्तरांनी जुन्या मासिकातलं कात्रण काढलं. धुरकट फोटो, रणगाड्यावर चढून हात उंचावलेले आपले तीन जवान.

"ही त्यांच्याकडनं धरल्याली गाडी हाय," अमरसिंह हळूच म्हणाले. "धरली म्हणून तर वर चढून फोटो काढलाय."

मास्तरांनी कात्रण उजेडाला धरलं. चाकांमधलं अंतर पट्टीनं मोजणाऱ्या या माणसानं गाडी कुणाची, एवढं विचारलं नव्हतं. वर आपली पोरं उभी दिसली आणि गाडी आपली झाली. शाळेत वर्षानुवर्षं हेच सांगत आले होते की आधी नीट बघा, मग रेघ मारा.

कपाटातली एक चुकली असती तर चालून गेलं असतं. पण त्याच मापाची, त्याच फोटोवरून केलेली दुसरी गाडी शिवकांताक्कांच्या घरी, भिंतीतल्या देवळीत होती.

शिवकांताक्कांचे मालक शिवपुत्र एकाहत्तरच्या लढाईत रणगाड्यातच गेले. लग्नाला वर्ष झालं होतं. त्यांचा एकुलता एक फोटो त्र्याण्णवच्या भूकंपात दगडांखाली गेला. त्यानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना अक्का एकदा मास्तरांना म्हणाल्या होत्या, "मास्तर, त्यांचं तोंड आठवंना झालंय." मास्तरांनी चेहरा काढायचा प्रयत्न केला, दोनदा कागद फाडला. चेहरा जमेना म्हणून त्यांनी गाडी करून दिली. अक्कांनी ती देवळीत ठेवली. तेव्हापासून रोज विभूतीचं बोट आणि एक फूल. अख्ख्या आयुष्यात मास्तरांच्या हातचं एवढं एकच काम कुणाच्या उपयोगी पडलं होतं.

"कशाला सांगताव?" उमादेवी म्हणाल्या. "तिला काय डबडं कळतंय?"

"मला कळतंय," मास्तर म्हणाले.

आधी त्यांनी पळवाटही शोधली. पेनच्या टोपणाचा एक तुकडा कापून, रंगवून, अक्कांकडं बसता बसता गुपचूप नळीवर चढवावा. पण घरच्या गाडीवर करून बघताना तो तुकडा तीनदा बोटांतून निसटला. चौथ्यांदा त्यांनी तो उचललाच नाही. धोतर सावरलं आणि सकाळच्या उन्हात अक्कांकडं निघाले.

अक्का ओसरीवर तूर निवडत होत्या. "या मास्तर," म्हणत सूप बाजूला केलं. मास्तरांनी पाणी घेतलं नाही. कात्रण, जवान, डबडं, अमरसिंह, सगळं एका दमात सांगून टाकलं. शेवटी म्हणाले, "अक्का, ही आपली गाडी न्हाय. त्यांची हाय. म्या चुकलो."

अक्कांनी विचारलं, "म्हंजी आमच्या ह्यांला मारल्याली गाडी आसलीच आसंल?"

"आसलीच," मास्तर म्हणाले. खोटं बोलणं आता जमणार नव्हतं.

त्या उठल्या. देवळीतून गाडी काढली, तिच्यावरचं फूल उचलून कोनाड्याच्या कडेला ठेवलं आणि गाडी पदरावर घेऊन बसल्या. विभूतीनं नळी पांढुरकी झाली होती.

"फेकून द्या," मास्तर म्हणाले. "न्हायतर म्या घिऊन जातो."

"दुसरी करून देताव का?"

मास्तरांनी उजवा हात पुढं केला. तो हवेतच थरथरत राहिला. "आता न्हाय जमायचं, अक्का."

त्या हाताकडं अक्कांनी बघितलं. मास्तरांना वाटलं होतं त्या रडतील, निदान दोन शब्द तरी सुनावतील. ते त्यांनी सोसलं असतं. अक्कांनी पदरानं गाडीची चाकं पुसली, एकेक बटण, रोज पुसत तसं, आणि ती पुन्हा देवळीत ठेवली.

"तीस वर्सं फुलं घातली ह्याला," त्या म्हणाल्या. "आता ह्या वयात राग कुठनं आणू, मास्तर?"