मागच्या कोपऱ्यातला चौथा

मित्रांनो, मी एक जुना स्पार्क प्लग आहे. बोटाएवढा लांब, वर पांढरी चिनी माती, खाली लोखंड आणि लोखंडावर गोल फिरत गेलेले आटे. माझ्या टोकाला एक बारीक फट आहे. त्या फटीतून ठिणगी उडते, पेट्रोलची वाफ पेटते आणि गाडी पुढे सरकते. ठिणगी टाकायची, लगेच पुढची टाकायची, एवढंच माझं काम. ते मी पुष्कळ वर्षं केलं, आणि त्यातली बरीचशी वर्षं एकट्याने केलं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. भट्टीत माझी चिनी माती भाजली गेली, मग ती लोखंडाच्या पोटात बसवली, आटे पाडले आणि कागदी खोक्यात घालून मला दुकानाच्या फळीवर ठेवलं. तिथून आम्हा चौघा भावंडांना ज्यांनी नेलं, त्यांना आम्ही बाबा म्हणू लागलो, कारण त्यांची मुलगी त्यांना तशी हाक मारत होती.

बाबा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचे. हात असा, की पट्टी न लावता रेघ मारावी आणि ती सरळच यावी. त्यांची गाडी मात्र लहानखुरी. प्रवासाच्या पेटीत शेवटी उरलेले कपडे गुडघ्याने दाबून कोंबावेत, तसं तिचं इंजिन बॉनेटखाली कोंबलेलं होतं. पुढचे तीन प्लग कसेबसे हाताला लागत. चौथ्याची जागा अगदी मागे, काचेखालच्या पत्र्याच्या आड. वर हवेच्या गाळणीचा डबा, बाजूला जाडजूड नळी, आणि मधल्या फटीतून मनगट आधी आत, मग खाली आणि मग उलटं वळवायचं.

"हा चौथा म्हणजे बोळातला भाडेकरू," बाबा म्हणाले. "पत्र द्यायचं तर पोस्टमनचं अंग सोलून निघतं."

मुलगी तेव्हा नोकरीसाठी दूर गावी निघाली होती. ती पायरीवर चहा पीत बसली होती. "मग मेकॅनिककडे द्या ना, बाबा. कशाला हात सोलून घेता?"

"मेकॅनिक घाईत तीन बदलेल आणि चौथ्याला लांबूनच नमस्कार करेल. आपलं काम आपण केलेलं बरं."

त्यांनी मला रबरी नळीच्या तुकड्यात खोचलं, त्या चौथ्या जागेच्या अंधाऱ्या विहिरीत सोडलं आणि दोन बोटांनी फिरवू लागले. रबर अशासाठी, की आटा वाकडा लागला तर ते घसरतं, जबरदस्ती करत नाही. मी सरळ बसलो. मग पाना लावून त्यांनी मला शेवटचा पीळ दिला, ना कमी ना जास्त. ती पकड माझ्या अंगात मुरली.

पुढची वर्षं सुखाची गेली. आम्ही चौघे पाळीपाळीने ठिणग्या टाकत होतो. बाबा बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, "फुलासारखी चालते!" त्या शाबासकीचा चौथा हिस्सा माझा होता.

मग एका वर्षी बाबा जिन्यावरून पडले. उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण मनगट पूर्वीसारखं वळेना. तरी प्लग बदलायची वेळ आली तेव्हा ते स्वतःच बॉनेट उघडून उभे राहिले. माझी तिन्ही भावंडं एकेक करून वर गेली. मी निरोप घ्यायला तयार होतो. बाबांचा हात फटीतून आत आला, डब्यापाशी थांबला, वळायला गेला आणि वळलाच नाही. त्यांनी डावा हात घालून पाहिला. तो दगडासारखा अडला. बराच वेळ ते गाडीला टेकून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "राहा बाबा तू. पुढच्या खेपेला बघू."

तेवढ्यात फोन वाजला. मुलीचा होता.

"हो हो, आत्ताच केलं," बाबा म्हणाले. "चारही बदलले. अगं, हात ठणठणीत आहे माझा."

मला राग आला नाही. "राहा बाबा तू" हे ते कोणत्या आवाजात बोलले होते, ते मी ऐकलं होतं.

पुढच्या खेपेलाही तेच झालं. त्याच्याही पुढच्या खेपेला त्यांनी माझ्यापर्यंत हात आणलाच नाही. नवे शेजारी येत, लखलखीत आणि उतावळे. "आजोबा, तुम्ही कधीपासून आहात?" असं विचारत. मी उत्तर देईपर्यंत ते जुने होत आणि निघून जात. नव्या शेजाऱ्यांना आपली गोष्ट पहिल्यापासून सांगायची उमेद एकदा संपली, की माणूस काय आणि प्लग काय, गप्पच होतो.

मी झिजत चाललो होतो. माझी फट रुंदावली, तोंडावर काजळी धरली. दहातली एखादी ठिणगी चुके, मग दोन चुकू लागल्या. गाडी उचकी लागल्यासारखी अडखळे. मुलगी सुट्टीत आली की विचारायची, "बाबा, गाडी धक्के का मारते हो?"

"रस्ता बघ ना कसला आहे," बाबा म्हणायचे आणि आणखी हळू चालवायचे. घरात कुणालाही त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही, असं मला वाटत होतं.

एके दिवशी गाडी काकांनी चालवली. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. ते घाईत गियर टाकतात, हे मला खालून कळलं. त्या दिवशी गेलेले बाबा परत आले नाहीत; त्यांच्या बाजूचं दार पुन्हा उघडलं नाही. इंजिन गार पडलं. मी अंधारात राहिलो, पण दुपारी कुणीतरी येऊन डावीकडच्या जागेवर बसायचं. ती आई होती. दार उघडं ठेवून ती पेपरातलं शब्दकोडं सोडवायची. अडलं की "पाच अक्षरी शब्द सांगा बरं," असं मोठ्याने म्हणायची, मग स्वतःशीच "बरं, राहू दे," म्हणून पान उलटायची. गाडीत आम्ही दोघंच असायचो, आणि मी आहे हे तिला कळायला काही मार्ग नव्हता.

मुलगी महिनाभराची रजा काढून आली, तेव्हा काका बॉनेटपाशी उभे राहून म्हणाले, "वहिनी, भंगारवाला ओळखीचा आहे. दुपारी ये म्हणून सांगितलंय त्याला. आता हिच्यात काही राम उरला नाही."

आईने पेपराची घडी घातली. ती गाडीत तिच्या जागेवर बसली होती.

"काका, नीट चालायला लागली तर?" मुलीने विचारलं. "तर ठेवायची ना?"

"चालली तर खुशाल ठेवा, मी कशाला नको म्हणू? पण प्लग दादाने अलीकडेच तर बदललेले. चारही! म्हणजे दुखणं इंजिनातच आहे. ते उघडायचं म्हणजे म्हशीपेक्षा रेडकू मोठं."

मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा असती तर मी ओरडलो असतो. दुखणं इंजिनात नव्हतं, माझ्यात होतं. इंजिन अजून धडधाकट होतं. बाबांनी मुलीच्या जिवाला घोर नको म्हणून सांगितलेली एक गोष्ट आज त्यांचीच गाडी भंगारात धाडायला निघाली होती, आणि ते जाणणारा मी विहिरीच्या तळाशी मुका बसलो होतो.

"तरी बघते एकदा," मुलगी म्हणाली. तिने आदल्या दिवशी चार नवे प्लग आणून ठेवले होते आणि बाबांची हत्यारं पुसून घेतली होती. तिने पहिला प्लग काढला. चांगला होता. दुसरा चांगला, तिसराही चांगला.

"झालं समाधान?" काका म्हणाले. "अगं, दादाचं काम होतं ते. त्यात खोट निघायची नाही."

तिने तिन्ही प्लग तळहातावर घेऊन पाहिले. मग पाना खाली ठेवला. आता बॉनेट मिटणार, हे मला कळलं.

"चौथा बघ," आई गाडीतून म्हणाली.

"आई, बाबांनी चारही बदलले होते. मला स्वतः सांगितलं होतं त्यांनी."

"मला माहीत आहे काय सांगितलं ते. तू चौथा बघ गं."

मुलीने बॉनेटच्या कडेने वाकून आईकडे पाहिलं. मग तिने गाळणीच्या डब्याचे स्क्रू सोडवायला घेतले. ते गंजून गेले होते. किती वर्षं कुणी त्यांना हात लावला नव्हता, ते बघणाऱ्याला कळावं असे. डबा निघाला, नळी निघाली आणि माझ्यावर फिकट उजेड पडला. तिचा हात आत आला. पत्र्याने तिच्या मनगटाची साल निघाली. तिने तो मागे घेतला नाही.

पाना बसला. तिने जोर लावला. मी हललो नाही. हलायची इच्छा नव्हती असं नाही, गंजाने मला आणि इंजिनाला एक करून टाकलं होतं.

"दे इकडे," काका म्हणाले. "एका झटक्यात काढतो."

"नको, काका. मोडला तर अर्धा आतच राहील, आणि मग हिला खरंच भंगारात द्यावं लागेल. थांबू या जरा."

"भंगारवाला थांबणार आहे का?"

"थांबू दे की त्याला. चहा पाजा."

तिने गंज सोडवणारं तेल माझ्या भोवती सोडलं आणि पायरीवर जाऊन बसली. तेल हळूहळू माझ्या आट्यांत उतरलं. परत येऊन तिने मला केसभर सैल केलं, पुन्हा केसभर घट्ट केलं, पुन्हा सैल. मोठा आवाज नाही, झटका नाही. ती जो पीळ सोडवत होती तो बाबांच्या चांगल्या मनगटाने दिलेला शेवटचा पीळ होता. तिला ते ठाऊक नव्हतं. मला होतं. मी तो तिच्या हातात थोडा थोडा देत गेलो, आणि मग एकदम मोकळा झालो.

तिने मला उजेडात धरलं. काळाठिक्कर, टोक झिजून बोथट. काका चष्मा सावरत जवळ आले.

"हा कधीच बदललेला नाही," मुलगी म्हणाली. "आई, तुला माहीत होतं?"

"त्यांच्या शर्टाची बटणं मीच लावत होते," आई म्हणाली. "तुला फोटो पाठवायचा असला की बाही खाली ओढून घ्यायचे. मनगट दिसू नये म्हणून."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू गाडी विकायला लावली असतीस."

मुलीने मला तळहातावर उलटंपालटं केलं. "लावली असती," ती म्हणाली.

तिने नवा प्लग रबरी नळीत खोचला, मी जिथून आलो त्या अंधारात सोडला आणि दोन बोटांनी फिरवला. पहिल्यांदा रबर घसरलं. तिने तो मागे फिरवून पुन्हा लावला. आता तो सरळ गेला. उरलेले तिन्ही नवेही बसले. डबा बसला, नळी बसली. आईने बसल्या जागेवरूनच हात लांब करून किल्ली फिरवली.

इंजिन चालू झालं. एकही ठिणगी चुकत नव्हती. ते मी पहिल्यांदाच बाहेरून ऐकलं. इतकं सुंदर वाजतं, हे आत असताना कळलं नव्हतं.

काकांनी फोन काढला. "अरे, नको येऊस," ते म्हणाले. "नाही, नाही. चालतेय गाडी. दादाची गाडी आहे ती." मग पाठ फिरवून त्यांनी चष्मा पुसला.

मुलीने आधीचे तिन्ही प्लग खोक्यात ठेवले, वेळेला लागतील म्हणून. मला फेकायला तिचा हात उचलला नाही. आता मी तिच्या गावी, तिच्या टेबलावर असतो. इथे वाफ नाही, ऊब नाही. दिवसभर ती कामावर असते, घर कुलूपबंद असतं आणि मी खिडकीतून पलीकडची भिंत बघत बसतो. माझी ठिणगी गेली ती गेलीच.

पण संध्याकाळी ती आईला फोन लावते. "सगळं ठीक आहे," आई म्हणते. पूर्वी मुलगी इथेच फोन ठेवायची, असं मला वाटतं. आता ती खुर्ची ओढून घेते. "सगळं म्हणजे काय काय, आई? एकेक करून सांग."  मग आई सांगू लागते. गुडघा दुखतो. रात्री घर मोठं वाटतं. काल कोपऱ्यापर्यंत गाडी नेली आणि परत आणताना फाटकाला घासली, पण काकांना सांगू नकोस.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी "सगळं झालं, मी ठणठणीत आहे" असं म्हणालं, तर त्यांना खोटं ठरवू नका. त्यांनी तीन कामं मनापासून केलेली असतात. तुम्ही फक्त चौथ्यापर्यंत हात घाला. झटका देऊ नका. थोडं सैल, थोडं घट्ट, असं धीराने करा. जागा अरुंद असते, हाताला ओरखडे येतील. येऊ द्या.