न अडखळणारी गाडी

हे लिहिणारच नव्हतो. एका जुन्या गाडीबद्दल काय लिहायचं, आणि तीसुद्धा आम्ही न घेतलेली. पण त्या गाडीपायी मी राजानंदला एक शब्द दिलाय, आणि तो का दिला हे माझ्या डोक्यात राहील याची खात्री नाही. हल्ली माझ्या डोक्यात फार काही राहत नाही. म्हणून टाइप करून ठेवतो.

मी नागेश. साताऱ्याचा, बी.कॉम. कॉम्प्युटर माझा मीच शिकलो, त्यावरच न्युरेम्बर्गला नोकरी लागली. गाड्याही माझ्या मीच शिकलो. इथे आल्यावर एक खटारा घेतला होता, तो आठवड्याआड बंद पडायचा आणि गॅरेज परवडायचं नाही. मग इंटरनेटवरचे फोरम वाचायचे आणि गाडीखाली झोपायचं. त्यामुळे इथल्या मराठी मंडळींत कोणी जुनी गाडी घ्यायला निघालं की मला बोलावतात. मी टॉर्च, लोहचुंबक आणि एक जुनी सतरंजी घेऊन जातो. लोहचुंबक पत्र्याला चिकटलं नाही तर तिथे पुट्टी भरलेली असते. सतरंजी झोपायला. एवढंच माझं शास्त्र.

ऑगस्टमध्ये अण्णा गेले. माझे वडील. मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. तेराव्यानंतर परत आलो. रडलो नाही. गावात सगळे म्हणाले, पोरगं खंबीर आहे. खंबीर कसलं, मला काही होतच नव्हतं. दातांच्या डॉक्टरकडून आल्यावर गालाला हात लावला की आपलाच गाल दुसऱ्याचा वाटतो, तसं. इथे परत आलो, कामावर जायचो, घरी यायचो, फोन बंद करून टेबलाच्या खणात टाकायचो. ऑगस्टमध्ये तोच वाजला होता ना. म्हणून.

तर नोव्हेंबरातला रविवार. सकाळी बेल वाजली. दारात राजानंद.

"का बे, जिवंत आहेस?"

"आहे."

"फोन काहून उचलत नाहीस?"

"बंद आहे. खणात."

"तेच इचारून राहिलो, काहून बंद आहे? जाऊ दे. सतरंजी घे. गाडी पाहायला जायचंय."

राजानंद नागपूरचा. पक्का इंजिनियर, माझ्यासारखा घरगुती नाही. जर्मनच्या वर्गात पहिल्या दिवशी शेजारी बसला तेव्हापासूनचा मित्र, आणि राहतो माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. त्याची बायको अपेक्षा. तिला जानेवारीत बाळ व्हायचंय. आणि नेमकं डिसेंबरपासून राजानंदला कंपनीने डोंगरातल्या कारखान्यावर टाकलं होतं, पार चेक बॉर्डरच्या बाजूला. नाही म्हटलं असतं तर काँट्रॅक्ट वाढलं नसतं. गावात घर मिळालं होतं, पण हॉस्पिटल घाटाच्या पलीकडे, आणि रविवारी बसच नाही. अपेक्षा म्हणत होती, मी एकटी न्युरेम्बर्गला थांबणार नाही, जायचं तर दोघांनी. मग चारही चाकांना जोर असणारी गाडी हवी. त्यांना परवडेल अशी एकच जाहिरात सापडली होती.

अपेक्षा खाली माझ्याच गाडीशेजारी उभी होती. त्यांना गाडी नाही, म्हणजे न्यायचंही मीच.

"भाऊजी, बारीक झालात," ती म्हणाली.

"या," मी म्हणालो. जर्मनमध्ये म्हणजे हो. इथे तोंडात तेच बसलंय.

वाटेत तिने पर्समधून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून दाखवलं. डॅशबोर्डवर बसवायची बुद्धाची छोटी मूर्ती, वीतभरही नाही. अमरावतीहून तिच्या आईने पाठवली होती. खालून दोन बाजूंनी चिकटणारी टेपसुद्धा लावून ठेवली होती.

"गाडी अजून पाह्यली नाही आणि ही टेप लावून बसली," राजानंद म्हणाला.

"अहो, तुम्ही नाही का पाळणा घेतला? बाळ तरी कुठे पाह्यलंय?"

राजानंद हसला. मी पण हसायला हवं होतं. उशिरा हसलो, तोवर विषय बदलला होता.

गाडीचा मालक लोएनर नावाचा म्हातारा, गावाबाहेर मोठं अंगण. गाडी म्हणजे छोटी, उंच, चौकोनी, दोन दरवाज्यांची. हिरवी. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्यांचा काही दोष नाही. म्हाताऱ्याच्या बायकोने अपेक्षाकडे एकदा बघितलं आणि तिला सरळ आत केक खायला घेऊन गेली.

मी माझं सुरू केलं. लोहचुंबक सगळीकडे चिकटलं. सतरंजी टाकून खाली झोपलो. जमीन बर्फासारखी गार, पाठीला कळत होतं पण त्रास होत नव्हता. गंज होता, वरवरचा. टायर हिवाळ्याचे, नखाने दाबले की दबत होते, म्हणजे रबर अजून मऊ. तेल गळत नव्हतं. इतक्या स्वस्तात इतकी बरी गाडी मी पाहिली नव्हती.

"काय म्हणतो डॉक्टर?" राजानंद वरून वाकून म्हणाला.

"अजून जिवंत आहे."

"तुझ्यापेक्षा बरी दिसून राहिली."

म्हाताऱ्याने चावी दिली, म्हणाला चालवून बघा. रविवार म्हणून जवळच्या सुपरमार्केटचा पार्किंग लॉट पूर्ण रिकामा होता. कोरडं डांबर. राजानंद चालवत होता, मी शेजारी. गिअर छान, ब्रेक सरळ. मग मी म्हणालो, आता फोर व्हीलमध्ये टाक. त्याने छोटा दांडा ओढला. समोर हिरवा दिवा लागला.

"आता स्टिअरिंग पूर्ण वळव, आणि हळूहळू गोल फिरव."

त्याने गोल घातला. एक, मग अजून एक.

"अबे काय गाडी आहे! लोण्यासारखी फिरून राहिली. पाहा, एका हाताने."

खरंच लोण्यासारखी. ना धक्का, ना आवाज. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. बंद दुकान, ट्रॉल्यांची रांग. मला कळलं होतं. पहिल्याच गोलात कळलं होतं. पण आत काही हललं नाही. वाटलं, घेऊ दे. खूश आहे तो. मी काय बोलू.

तो तिसरा गोल घालायला लागला तेव्हा गाणं गुणगुणत होता. बाळासाठीचं काहीतरी असावं, फार बेसूर.

"थांब," मी म्हणालो.

"काय झालं?"

"ही अडखळायला पाहिजे."

"म्हणजे?"

"कोरड्या डांबरावर, फोर व्हील लावून, एवढं वळवल्यावर. धक्के खायला पाहिजे हिने. कोणीतरी मागून धरल्यासारखं. काहीच होत नाहीये."

राजानंदने गाडी उभी केली. मग त्याचं इंजिनियरचं डोकं चाललं, माझ्यापेक्षा भराभर.

"वळताना पुढची चाकं मोठ्या गोलात जातात," तो हळूच म्हणाला. "मागची छोट्या. दोन्ही एकमेकांना बांधलेली असली तर ओढाताण व्हायलाच पाहिजे. होत नाही म्हणजे..."

"म्हणजे बांधलेलीच नाहीत."

"पण दिवा तर लागला ना बे!"

"दिवा दांड्याला जोडलाय. चाकांना नाही."

दोघंही त्या हिरव्या दिव्याकडे बघत बसलो. मग त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ.

"आपण तिले लोणी लोणी म्हणून राहिलो," तो म्हणाला, "आणि आतून सुटलेलं आहे सगळं."

"अंगणात चल," मी म्हणालो. "जॅकवर उचलून बघू."

अंगणात परत येऊन जॅकने पुढचं एक चाक उचललं. दांडा फोर व्हीलमध्ये, मागची चाकं जमिनीवर, गिअर टाकलेला. आता हे चाक हाताने हलता कामा नये. मी एका बोटाने ढकललं. सायकलच्या चाकासारखं फिरत राहिलं.

म्हातारा बघतच राहिला. "आल्झो, दिवा तर लागतो," तोही तेच म्हणाला. आल्झो म्हणजे आपलं 'अहो पण'. खोटं बोलत नव्हता. दोन हिवाळे तो डोंगरात गेलाच नव्हता, गाडी नुसती गावातल्या गावात फिरत होती. त्याने लगेच किंमत अजून खाली आणली.

इथे राजानंद पाघळला. मला बाजूला ओढलं.

"घेऊन टाकू का बे? तू करशील ना दुरुस्त?"

"पुढच्या हबमधलं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातलं, काहीतरी गेलंय. उघडल्याशिवाय कळणार नाही. पार्ट मिळाले तर करीन. कधी मिळतील माहीत नाही."

"तोवर दोन चाकांवर चालवीन. हळू चालवीन. टायर तर चांगले आहेत म्हणतोस."

"दोन चाकांवर हिची मागची चाकं ढकलतात. आणि मागे वजनच नाही. घाटात बर्फावर शेपूट फिरवेल ही."

"मग काय करू? तूच सांग. एक तारखेला हजर व्हायचंय. ह्या पैशात दुसरी आहे का?"

"नाही."

त्याला राग आला. माझ्यावर नसावा, पण समोर मीच होतो. "तुले काय, तू एका शब्दात मोकळा. नाही! तुले काही वाटत तरी आहे का बे?"

खरं सांगायचं तर नव्हतं वाटत. मी तसं म्हणालोही. "नाही वाटत. पण चाक फिरतंय ते मला दिसतंय."

अपेक्षा दारात आली होती. हातात कागदात बांधलेला केक. तिने वर उचललेलं चाक बघितलं, नवऱ्याचं तोंड बघितलं. मग मला विचारलं.

"भाऊजी, सरळ सांगा. पोटात बाळ असताना तुम्ही मला ह्या गाडीतून घाटात न्याल?"

"नाही."

"झालं तर मग." ती माझ्या गाडीत जाऊन बसली. राजानंदने म्हाताऱ्याला चावी परत दिली, हात मिळवला. म्हाताऱ्याने आम्हाला फाटकापर्यंत सोडलं आणि वर, घाटाचे रस्ते वाईट असतात असं दोनदा सांगितलं.

परतताना गाव मागे पडलं. मग मागून अपेक्षाचा आवाज.

"अहो, तुम्ही जा एकटे. शुक्रवारी येत जा ट्रेनने. मी थांबते न्युरेम्बर्गला. बाळ झालं की मग येऊ आम्ही दोघं."

"आणि तुले मधेच काही झालं तर? मी तिकडे, मधे अख्खा डोंगर."

"भाऊजी आहेत ना. दोन गल्ल्यांवर."

राजानंद माझ्याकडे न बघता म्हणाला, "ह्याचा फोन खणात असतो."

मी गाडी चालवत होतो. बारीक बर्फ पडायला लागला होता, ह्या हिवाळ्यातला पहिला. काचेवर पडून लगेच विरघळत होता. माझी गाडी साधी, पण पुढची चाकं ओढणारी आणि टायर नवे. शहरात पुरे होती. अपेक्षाने पुढे वाकून ती मूर्ती माझ्या डॅशबोर्डवर टेकवली आणि अंगठ्याने घट्ट दाबली. विचारलं नाही.

त्यांच्या दारात ती उतरून वर गेली. राजानंद बसून राहिला.

"रागात बोललो बे मघाशी."

"खरंच बोललास."

"अण्णा गेल्याचा फोन आला होता तेव्हापासून ना?"

"हो."

"आता वाजेल तो दुसऱ्या कामासाठी वाजेल. पण तू उचलशील का? मले खरं सांग. नाहीतर मी नोकरी सोडतो, बाकी काही नाही."

तो गंमत करत नव्हता. मी हिटरच्या जाळीवर हात धरला. बोटांत मुंग्या यायला लागल्या होत्या, गारठून गरम होताना येतात तशा. बरं नव्हतं वाटत. पण कळत होतं.

"चालू ठेवीन," मी म्हणालो. "उशाशी ठेवीन. पहिल्या रिंगला उचलीन."

"नक्की?"

"शब्द दिला, राजा. तू जा तिकडे."